रेडिओ मोबाइल: पाणीयोजनांच्या रेडिओ जोडण्या आखण्यासाठी एक मोफत सॉफ्टवेअर

प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेतील जॅकवेल (नदी-धरणातून पाणी उपसण्याची विहीर), जलशुद्धीकरण केंद्र, डोंगरावरची संतुलन टाकी आणि गावोगावचे उंच जलकुंभ ही ठिकाणे काही किलोमीटरच्या अंतरांवर विखुरलेली असतात. टाकीतील पाण्याची पातळी पंपहाऊसपर्यंत वेळेत कळली नाही, तर टाकी भरून वाहत राहते किंवा गाव कोरडे राहते. अशा योजनेत मोबाइलच्या सिमवर विसंबून न राहता स्वतःचे रेडिओ मॉडेम बसवायचे ठरले, की सगळ्यात महत्त्वाचा निर्णय अँटेना कोठे आणि किती उंचीवर लावायची हा असतो. पुष्कळदा हा निर्णय माहितीपत्रकातील 'वीस किलोमीटर पल्ला' हे शब्द वाचून घेतला जातो आणि नंतर पावसाळ्यात जोडणी तुटू लागली की खापर मॉडेमवर फुटते. हा निर्णय खांब उभा करण्याआधीच, बऱ्याच खात्रीने घेता यावा यासाठी मी 'रेडिओ मोबाइल' हे सॉफ्टवेअर नियमित वापरतो. टेलिमेट्रीचे, म्हणजे दूरच्या ठिकाणची मोजमापे केंद्रापर्यंत आणण्याचे काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांना आणि कंत्राटदारांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे परीक्षण तपशिलात लिहीत आहे.

कॅनडातील रोजर कुदे या हौशी रेडिओचालकाने, ज्यांचे संकेतचिन्ह व्हीई२डीबीई आहे, हे सॉफ्टवेअर तयार केले आणि ते हौशी रेडिओ व मानवतावादी कामासाठी विनामूल्य उपलब्ध ठेवले. ते विंडोजवर चालते. त्यातून निघणाऱ्या निष्कर्षांची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे असे निर्मात्याने स्पष्ट म्हटले आहे आणि ते योग्यच आहे. लहरींच्या प्रसाराचे गणित ते लाँगली आणि राइस या अमेरिकी संशोधकांच्या, १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रतिमानावर करते. हे प्रतिमान २० मेगाहर्ट्झ ते २० गिगाहर्ट्झ या पट्ट्यात आणि १ किलोमीटरहून अधिक अंतरासाठी आहे. त्यामुळे एकाच कारखान्याच्या आवारातील तीनचारशे मीटरच्या जोडणीसाठी या सॉफ्टवेअरचा आधार घेऊ नये.

जमिनीच्या चढउतारांची माहिती ते मुख्यतः एसआरटीएम या संचातून घेते. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीचा बहुतेक भूभाग मोजला, त्यातून हा संच तयार झाला. त्याची जुनी आवृत्ती सुमारे ९० मीटरच्या जाळीची, म्हणजे तेवढ्या अंतरावर एक उंची देणारी आहे आणि नंतर खुली झालेली आवृत्ती सुमारे ३० मीटरची. महाराष्ट्रासाठी ३० मीटरचीच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. दख्खनच्या पठारावरचे डोंगर सपाट माथ्याचे आणि काठावर सरळ तुटलेले असतात. ९० मीटरच्या जाळीत तो कडा घसरणीसारखा पसरट होतो, माथ्याची कड प्रत्यक्षापेक्षा खाली दिसते आणि जी जोडणी कड्याला घासून जाणार असते ती पडद्यावर मोकळी दिसते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेत हा फरक विशेष जाणवतो. सोलापूर किंवा लातूरच्या सपाट माळावर तो फारसा पडत नाही.

सॉफ्टवेअर सुरू केल्यावर आधी नकाशाचा मध्यबिंदू व विस्तार ठरवायचा, मग प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश 'युनिट' म्हणून भरायचे, मग मॉडेम, अँटेना व केबल यांची माहिती 'सिस्टिम' म्हणून भरायची आणि शेवटी या सर्वांना एका 'नेटवर्क'मध्ये गुंफायचे, असा क्रम आहे. पहिल्यांदा वापरणाऱ्याला या खिडक्या जुन्या घडणीच्या आणि क्लिष्ट वाटतात, आणि त्या तशा आहेतही. एकदा क्रम हाताला बसला की नवीन योजना भरायला फार वेळ लागत नाही.

मात्र नेटवर्कच्या खिडकीतील आधीपासून भरलेल्या किमती तशाच सोडणे हा या सॉफ्टवेअरच्या वापरातील सर्वांत मोठा धोका आहे. त्यात हवामान 'कॉन्टिनेन्टल टेम्परेट' म्हणजे समशीतोष्ण असते आणि हवेची अपवर्तकता (हवेत लहर किती वाकते ते सांगणारा आकडा, एन-एककांत) ३०१ धरलेली असते. आपल्याकडे देशावरच्या, म्हणजे पठारी भागासाठी 'कॉन्टिनेन्टल सब-ट्रॉपिकल' आणि ३२० हे जवळचे ठरते, तर कोकणपट्टी व गोव्यासाठी 'मेरिटाइम सब-ट्रॉपिकल' आणि ३७० हे प्रतिमानाने सुचवलेले मूल्य घ्यावे. आठदहा किलोमीटरच्या जोडणीत यामुळे उत्तर थोडेच बदलते हे खरे, पण लांबच्या जोडणीत फरक वाढत जातो. त्याहून महत्त्वाचा आकडा 'परिस्थितींच्या टक्केवारी'चा आहे. तो ७० वर असतो. एखाद्या हौशी रेडिओचालकाला दहापैकी सात वेळा संभाषण झाले तर चालते. पंप थांबवण्याचा आदेश मात्र दहापैकी सात वेळा पोहोचून चालत नाही. तेथे आणि वेळेच्या टक्केवारीतही मी ९० किंवा त्याहून अधिक भरतो.

केबलच्या क्षयाची जागाही रिकामी किंवा अंदाजाने भरलेली राहू नये. आरजी-५८ ही बारीक केबल स्वस्त मिळते म्हणून सर्रास वापरली जाते, परंतु भारतात परवान्याविना वापरता येणाऱ्या ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास तिच्यात मीटरमागे अर्धा डेसिबलच्या (डेसिबल हे शक्तीतील घट-वाढ मोजण्याचे एकक) घरात शक्ती वाया जाते. पंधरा मीटर उंच टाकीवरून ती खाली आणली तर सातएक डेसिबल गेलेच, म्हणजे मॉडेमची चार पंचमांश शक्ती केबलमध्येच संपली. एलएमआर-४०० सारखी जाड केबल त्याच लांबीत दोन डेसिबलच्या आत राहते. उंची वाढवताना वाढणारी केबल गणितात आपोआप धरली जावी यासाठी सॉफ्टवेअरमध्ये दर मीटरमागे क्षय भरण्याची सोय आहे. ती आवर्जून वापरावी.

आता ज्या एका खिडकीसाठी हे सॉफ्टवेअर ठेवावे, त्या 'रेडिओ लिंक'कडे येतो. दोन ठिकाणे निवडली की त्यांच्यामधील जमिनीचा उभा छेद, त्यावरून जाणारी लहरीची रेषा आणि तिच्याभोवतीचे फ्रेनेल क्षेत्र, म्हणजे लहर ज्या लांबट फुग्यासारख्या भागातून जाते तो भाग, असे चित्र समोर येते. वरच्या बाजूला दिशाकोन, उन्नतिकोन, अंतर, पाथ लॉस (वाटेत होणारी संकेताची घट), ग्रहण पातळी (दुसऱ्या टोकाला मिळणारा संकेत) आणि 'वर्स्ट फ्रेनेल' (सर्वांत अडचणीच्या बिंदूवर फ्रेनेल त्रिज्येचा किती भाग मोकळा आहे ते) असे आकडे असतात. खालच्या बाजूला दोन्ही अँटेनांची उंची बदलून पाहता येते आणि उत्तर लगेच बदलते.

एक साधे उदाहरण घेऊ. अंतर १० किलोमीटर, मधली जमीन सपाट, एका टोकाला १५ मीटर उंच जलकुंभावर ऑम्नी (सर्व दिशांना प्रक्षेपण करणारी) अँटेना आणि दुसऱ्या टोकाला पंपहाऊसच्या ६ मीटर खांबावर यागी (एकाच दिशेची, काड्यांची अँटेना). वारंवारता ८६६ मेगाहर्ट्झ. उभ्या माणसाला टाकी स्पष्ट दिसते, म्हणून 'लाइन ऑफ साइट आहे', म्हणजे मध्ये अडथळा नाही, असे म्हणून बहुतेक जण येथेच थांबतात. परंतु लहर रेषेपुरती जात नाही. या अंतरावर पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या मध्यावर सुमारे २९ मीटर असते आणि त्यातील किमान ६० टक्के भाग, म्हणजे जवळजवळ १८ मीटर, मोकळा हवा. शिवाय पृथ्वीच्या वक्रतेमुळे मध्यावर जमीन दीड मीटर वर येते. या जोडणीत मध्यावर रेषा जमिनीपासून नऊ मीटरच वर आहे. सॉफ्टवेअर 'वर्स्ट फ्रेनेल' ०.३ च्याही खाली दाखवते, आणि तो सर्वांत वाईट बिंदू मध्यावर नसून पंपहाऊसपासून साधारण तीन किलोमीटरवर असल्याचे छेदावर दिसते. हे कागदावर हाताने शोधायचे तर दरेक बिंदूसाठी त्रिज्या काढावी लागेल. म्हणूनच तो आकडा माझ्या दृष्टीने या सॉफ्टवेअरची खरी किंमत आहे.

याचा परिणाम डेसिबलमध्ये असा होतो. मोकळ्या अवकाशात १० किलोमीटरचा पाथ लॉस सुमारे १११ डेसिबल असतो. सपाट जमिनीवर या उंचींना तो १२१ च्या आसपास जातो. अर्धा वॉट म्हणजे २७ डीबीएमचा (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) मॉडेम, दोन्ही टोकांना केबलमध्ये दोन-दोन डेसिबलचा क्षय, ९ डीबीआयची यागी आणि ५ डीबीआयची ऑम्नी (डीबीआय हे अँटेनाच्या गेनचे, म्हणजे संकेत एका बाजूला एकवटण्याच्या क्षमतेचे माप) धरली तर दुसऱ्या टोकाला उणे ८४ डीबीएमच्या जवळपास संकेत मिळतो. मॉडेमची संवेदनक्षमता, म्हणजे त्याला वाचता येणारा सर्वांत क्षीण संकेत, उणे १०६ डीबीएम असेल तर २२ डेसिबल हाताशी उरतात. बारमाही चालणाऱ्या जोडणीसाठी २० डेसिबलचे फेड मार्जिन (संकेत अधूनमधून क्षीण होतो त्यासाठीची राखीव शिल्लक) असावे हा या क्षेत्रातील रूढ दंडक आहे, म्हणजे जोडणी जेमतेम उत्तीर्ण झाली. वाटेत झाडे आली तर ती अनुत्तीर्ण होणार.

आता खांब ६ ऐवजी १२ मीटरचा करून पाहावा. अशा सपाट प्रदेशात अँटेनाची उंची दुप्पट केली की सुमारे ६ डेसिबल मिळतात. तेवढेच डेसिबल शक्ती वाढवून मिळवायचे तर मॉडेम चौपट शक्तीचा लागेल, आणि तेथे कायदा आडवा येतो. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवान्याविना वापरता येतो व २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला, परंतु प्रक्षेपकाची शक्ती १ वॉट, प्रभावी विकिरित शक्ती ४ वॉट आणि बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ या मर्यादा त्याला लागू आहेत. उपकरणाला डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील वारंवारता-नियमन शाखा) मान्यताही असावी लागते. शक्ती वाढवत नेण्याचा मार्ग म्हणून बंद आहे, खांब उंच करण्याचा मार्ग खुला आहे, आणि खांबाचे सहा मीटर लोखंड हे मॉडेमच्या तुलनेत स्वस्त आहे. योजनेच्या अंदाजपत्रकात मॉडेमसाठी भरघोस तरतूद आणि खांबासाठी किरकोळ रक्कम ही मांडणी मला फार वेळा दिसते. रेडिओ लिंकच्या खिडकीत दहा मिनिटे उंच्या बदलून पाहिल्या तर ती मांडणी कोणीही करणार नाही.

अमेरिकेतील ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचे मॉडेम कधीकधी स्वस्तात उपलब्ध होतात. सॉफ्टवेअर तेही बिनतक्रार गणितात घेते, कारण कायदा तपासणे हे त्याचे काम नाही. आपल्याकडे त्या पट्ट्याचा भाग मोबाइल सेवांना दिलेला आहे. ते मॉडेम येथे लावणे बेकायदा आहे आणि दुसऱ्याच्या सेवेत अडथळा आणणारेही आहे.

उन्नतिकोनाच्या आकड्याकडे बहुतेक वापरकर्ते पाहतच नाहीत, त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. डोंगरमाथ्यावरील संतुलन टाकीवर मुख्य केंद्र ठेवले की सगळी गावे दिसतात, म्हणून तेथे जास्त गेनची ऑम्नी लावण्याचा मोह होतो. ऑम्नीचा गेन वाढतो तो तिचा झोत उभ्या दिशेने चपटा होऊन. ८-९ डीबीआयच्या ऑम्नीचा झोत क्षितिजाच्या वर-खाली मिळून बाराएक अंशांचाच असतो. आता डोंगर ३०० मीटर उंच आहे आणि पायथ्याचे पंपहाऊस एक-दीड किलोमीटरवर आहे असे धरा. तेथे जाणारी रेषा अकरा ते सतरा अंश खाली झुकलेली असते, म्हणजे झोताच्या पूर्ण बाहेर. परिणाम असा, की बारा किलोमीटरवरचे गाव उत्तम बोलते आणि पायथ्याचे पंपहाऊस अधूनमधून गप्प होते, आणि कोणालाच कारण उमगत नाही. 'रेडिओ लिंक'मध्ये हा कोन सरळ छापलेला असतो. अशा ठिकाणी कमी गेनची ऑम्नी घ्यावी किंवा पायथ्याच्या केंद्रासाठी खाली झुकवलेली वेगळी अँटेना लावावी. सॉफ्टवेअरसोबत ऑम्नी, यागी, कॉर्नर अशा काही अँटेनांच्या विकिरणाच्या फाइली येतात. प्रत्यक्ष विकत घेतलेल्या अँटेनाचा उभा आलेख निर्मात्याकडून मागून तशी फाइल बनवली तर हा परिणाम ग्रहण पातळीतही उतरतो.

जमिनीवरच्या वस्तूंबद्दल मात्र हे सॉफ्टवेअर भोळे आहे. एसआरटीएमच्या रडारची लहर झाडांच्या शेंड्यावरूनही परतते आणि काही अंशी आतही शिरते. त्यामुळे दाट झाडीच्या जागी मिळणारी उंची ना जमिनीची असते ना शेंड्याची. एखादी आमराई, बांधावरची निलगिरीची रांग किंवा नव्याने उभे राहिलेले साखर कारखान्याचे गोदाम हे त्या जाळीत दिसतच नाही. भूआवरणाची माहिती जोडून झाडांची उंची भरण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, परंतु जगभरासाठी तयार झालेले ते वर्गीकरण एका शिवाराच्या पातळीवर उपयोगी पडण्याइतके बारीक नाही. त्याऐवजी मी छेदावरचे संशयास्पद बिंदू, म्हणजे जेथे मोकळीक ०.६ च्या जवळपास येते ते, उपग्रह छायाचित्रावर शोधतो आणि तेथे प्रत्यक्ष जाऊन झाडांची उंची पाहतो. जोडण्यांचे रेखाटन गूगल अर्थमध्ये पाठवता येते, त्यामुळे हे काम सोपे होते.

झाडांमुळे होणारा क्षय हा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. वाइसबर्गरच्या सूत्राने ८६६ मेगाहर्ट्झला तीस मीटर दाट पानांच्या झाडीतून जाताना सुमारे ९ डेसिबल जातात, म्हणजे वरच्या उदाहरणातील २२ डेसिबलांचे १३ उरतात. पावसाच्या थेंबांचा स्वतंत्र परिणाम या वारंवारतेला नगण्य असतो. पावसाळ्यात जोडण्या बिघडतात त्या ओल्या, भरगच्च पानांमुळे आणि कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यामुळे. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात उसाचाही विचार करावा लागतो. लागणीच्या वेळी मोकळे असलेले शेत वर्षभरात तीनचार मीटर उंच होते आणि त्या प्रमाणात जमीनच वर आल्यासारखी होते. सपाट भागात सहा मीटरच्या खांबाची निम्मी उंची उसाने गिळली की काय उरते, हे रेडिओ लिंकमध्ये अँटेनाची उंची तीन मीटरने कमी करून पाहता येते. ही युक्ती ढोबळ आहे, पण निर्णयाला पुरेशी आहे.

रंगीत व्याप्ती नकाशा हे सॉफ्टवेअरचे सर्वांत आकर्षक अंग आहे, आणि माझ्या मते सर्वांत कमी उपयोगाचे. मुख्य केंद्राभोवती हिरवा-पिवळा रंग पसरलेला नकाशा सादरीकरणात छान दिसतो आणि तो पाहून बैठकीतील सर्वांचे समाधान होते. पण तो नकाशा सर्व ठिकाणी अँटेनाची एकच उंची गृहीत धरून काढलेला असतो. आपल्या योजनेत मात्र प्रत्येक ठिकाणची उंची, केबल आणि अँटेना वेगळी असते. मुख्य केंद्रासाठी तीनचार टेकड्यांपैकी कोणती निवडावी, एवढ्याच प्राथमिक प्रश्नासाठी मी तो वापरतो. निविदेत मात्र प्रत्येक जोडणीचा स्वतंत्र छेद, 'वर्स्ट फ्रेनेल' आणि मार्जिन यांसह जोडला जावा, अशी अट पाणीपुरवठा विभागांनी घालायला हवी, असे मला मनापासून वाटते.

काही गोष्टी कोणत्याच आखणी सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाहीत आणि रेडिओ मोबाइलही त्याला अपवाद नाही. ८६५ च्या पट्ट्याच्या लगेच वर, ८६९ ते ८८९ मेगाहर्ट्झमध्ये, मोबाइल मनोरे प्रक्षेपण करतात. उंच जागा म्हणून आपली अँटेना अशा मनोऱ्याशेजारी लावली तर त्याच्या प्रचंड संकेतामुळे आपला ग्राहक (रिसीव्हर) बधिर होतो. गणितात ३० डेसिबल मार्जिन दाखवणारी जोडणी तेथे चालत नाही. अंतर राखावे, ते शक्य नसेल तर चांगला बँडपास फिल्टर (फक्त आपल्या पट्ट्याचा संकेत आत येऊ देणारी गाळणी) लावावा. तसेच ऑम्नी अँटेना टाकीच्या लोखंडी कठड्याला किंवा तडितरक्षकाच्या नळीला चिकटून बांधली की तिचा वर्तुळाकार झोत एका बाजूला कापला जातो. या वारंवारतेला तरंगलांबी ३५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. धातूपासून निदान दोनतीन तरंगलांब्या, म्हणजे मीटरभर, दूर राहावे आणि शक्य तेथे अँटेना सर्वांच्या वरच न्यावी. यागीच्या काड्या एका टोकाला उभ्या आणि दुसऱ्या टोकाला आडव्या बसवल्या तर वीस डेसिबलपर्यंत नुकसान होते. फिटरला हे समजावून सांगण्यासाठी सॉफ्टवेअर नव्हे, अभियंताच टाकीवर चढावा लागतो.

पर्याय म्हणून गूगल अर्थमधील उंचीचा आलेख पुष्कळ जण वापरतात. तो जमीन दाखवतो, पण पृथ्वीची वक्रता, फ्रेनेल क्षेत्र आणि पाथ लॉस यांविषयी काहीच सांगत नाही. पहिल्या नजरेपुरता तो ठीक आहे. काही मॉडेम उत्पादकांची स्वतःची ऑनलाइन साधने दिसायला सुबक आहेत, मात्र त्यांत त्यांचीच उपकरणे निवडता येतात. मायक्रोवेव्हच्या मोठ्या जोडण्यांसाठी व्यावसायिक सॉफ्टवेअर लागते, आणि तेथे रेडिओ मोबाइलवर थांबू नये. दहावीस ठिकाणांच्या पाणीयोजनेसाठी, उपसा सिंचन योजनेसाठी किंवा एमआयडीसीतील दोन आवारे जोडण्यासाठी मात्र याहून जास्त काही विकत घेण्याची गरज मला वाटत नाही. मराठीत त्याचे मार्गदर्शन उपलब्ध असते तर तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या तरुण कंत्राटदारांना ते अधिक लवकर आपलेसे करता आले असते.

जोडणी उभी राहिल्यावर मॉडेमवरची ग्रहण पातळी वाचून ती भाकिताशेजारी लिहून ठेवावी. पाचसहा डेसिबलचा फरक या प्रतिमानाच्या मानाने स्वाभाविक आहे. पंधरावीस डेसिबलची तूट आढळली तर दोष भूभागात शोधू नये. आधी कनेक्टर, केबलमधील पाणी, काड्यांची दिशा आणि यागीचे तोंड तपासावे. उन्हाळ्यात पूर्ण झालेल्या योजनेत ही नोंद श्रावणात, पाने ओली आणि ऊस वाढलेला असताना पुन्हा घ्यावी आणि कामाचे अंतिम देयक त्या दुसऱ्या नोंदीनंतरच मंजूर करावे.